घोरणाऱ्यांची गोष्ट

मंडळी, आमच्या मालवणकडे घोरणं हा चेष्टेचा विषय. घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणायचं, त्याचं अंथरूण ओटीवर टाकायचं, की झालं. फार तर आजी म्हणायची, "दमलोहा बिचारो, निजांदेत तेका." घोरणं म्हणजे गाढ झोप, ही समजूत पक्की.

गंमत म्हणजे हा माणूस वैद्यकाच्या आधी साहित्यात सापडतो. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये (१८३६-३७) जो नावाचा लठ्ठ पोरगा आहे. तो कुठेही पेंगतो आणि घोरतो. वाचक शंभरेक वर्षं हसले. १९५६ साली अमेरिकेत डॉ. बरवेल आणि सहकाऱ्यांनी एका लठ्ठ रुग्णाची हकीकत छापली. पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पानं असताना हा गृहस्थ चक्क झोपला! आजाराला नाव मिळालं 'पिकविकियन सिंड्रोम'.

खरं कारण १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते, म्हणून आवाज येतो. काहींची वाट पूर्ण मिटते, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा होतो. असं रात्रभर चालतं. म्हणजे ती गाढ झोप नव्हेच, झटापट ती! तेव्हा उपाय एकच, गळ्याला भोक पाडणं. १९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देऊन वाट उघडी ठेवली. आजचं 'सीपॅप' यंत्र ते हेच.

हे सगळं परदेशातलं, असं म्हणाल तर थांबा. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. दिवसा पेंग आणणारा हा आजार त्यांना साडेसात टक्के पुरुषांत आढळला. २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हाही डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं.

प्रत्येक घोरणारा आजारी नसतो. कुशीवर निजणं, वजन उतरवणं, रात्रीची दारू टाळणं एवढ्यानेही पुष्कळांचं भागतं. पण घोरता घोरता आवाज एकदम बंद पडत असेल, मग धाप लागल्यासारखा श्वास येत असेल आणि दिवसा गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर डॉक्टर गाठाच. आणि हे घोरणं-थांबणं घोरणाऱ्याला सहसा कळत नाही, शेजारी जागं असलेल्याला कळतं. तेव्हा घरच्या मंडळींनो, वैतागून उशी कानावर ओढण्याआधी दोन मिनिटं नीट ऐका. असो.