परदेशी जोडीदार, प्रायोजक आणि ब्रिटनमधील स्थायी निवास : एक ऐतिहासिक अभ्यास (१९६२ ते २०२५)

प्रस्तावना

विवाह हा आपल्याकडे दोन कुटुंबांमधील व्यवहार मानला जातो. वधू व वर निरनिराळ्या देशांचे नागरिक असतील तर मात्र या व्यवहारात राज्यसंस्था हा तिसरा पक्ष येऊन बसतो. जोडीदाराला आपल्या देशात कायमचे राहू द्यावे, अशी विनंती करणाऱ्या नागरिकाला किंवा स्थायिक रहिवाशाला 'प्रायोजक' म्हणतात. अलीकडे महाराष्ट्रातील मध्यमवर्गातही 'मुलाने बायकोला स्पॉन्सर केले' हे वाक्य सहज कानी पडते. मुलीने नवऱ्याला स्पॉन्सर केल्याचे वाक्य त्या मानाने कमी ऐकू येते. हा फरक केवळ आपल्या सामाजिक रूढीचा नाही. एका प्रगत लोकशाही राष्ट्राच्या नियमपुस्तकातही तो दीर्घकाळ नांदत होता.

प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील यासंबंधीच्या नियमांचा १९६२ पासूनचा प्रवास तपासला आहे. ब्रिटन निवडण्याचे कारण असे की, येथील नियम घडविताना राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने भारतीय उपखंडातील विवाह होते. त्यामुळे हा इतिहास काही अंशी आपल्या विवाहसंस्थेकडे परक्यांनी कसे पाहिले याचाही इतिहास ठरतो.

पत्नीचा हक्क, पतीला मज्जाव

१९६२ च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्टने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या मुक्त प्रवेशावर प्रथमच निर्बंध घातले. मात्र ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकाची पत्नी व सोळा वर्षांखालील मुले यांचा प्रवेशाचा हक्क याच कायद्याने मान्य केला. पुरुष कमावता आणि घर त्याचे, तेव्हा बायको-मुलांनी त्याच्यामागे जावे, ही त्यामागील धारणा होती. पतीला असा वैधानिक हक्क नव्हता. त्याचा प्रवेश प्रशासकीय नियमांवर अवलंबून होता आणि म्हणूनच तो सहज काढून घेता आला. जानेवारी १९६९ मध्ये मजूर पक्षाचे गृहमंत्री जेम्स कॅलॅहन यांनी, विशेष परिस्थिती वगळता, राष्ट्रकुलातील पतींना पत्नीच्या आधारे स्थायिक होण्यास बंदी केली. म्हणजे लंडनमध्ये राहणाऱ्या पुरुषाने गुजरातेतून पत्नी आणली तर तो त्याचा हक्क होता. त्याच्या बहिणीने तेथूनच पती आणायचा म्हटले तर तिने सासरी, म्हणजे भारतात जावे, असे शासनाचे म्हणणे होते. त्याच वर्षी पत्नी व मुलांनाही निघण्यापूर्वी प्रवेशपत्र घेणे सक्तीचे झाले. हक्क कायद्यात राहिला, पण तो सिद्ध करण्यासाठी उपखंडातील ब्रिटिश कार्यालयांपुढे रांगा लागल्या.

स्त्रियांच्या हक्कांविषयी ब्रिटिश समाजात जागृती वाढत गेली, तशी ही विषमता डोळ्यांत भरू लागली. जून १९७४ मध्ये गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांनी पतींवरील बंदी उठविली. ही सवलत फार काळ निर्वेध राहिली नाही. १९७७ मध्ये 'सोयीच्या विवाहां'विरुद्ध नियम आले आणि पतीला प्रथम मर्यादित मुदतीचीच परवानगी मिळू लागली.

हीथ्रोवरील घटना

नियमांतील फटी माणसाला कोठवर नेतात याचे सर्वांत लाजिरवाणे उदाहरण जानेवारी १९७९ मध्ये घडले. भारतातून आलेली पस्तीस वर्षांची एक शिक्षिका लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पुरुषाशी तिचा विवाह ठरला होता. वाग्दत्त वधूला आगाऊ प्रवेशपत्र लागत नसे, पत्नीला मात्र लागत असे. ही बाई आधीच विवाहित असून रांग चुकविण्यासाठी वाग्दत्त म्हणवून घेत असावी, असा संशय अधिकाऱ्याला आला आणि तिची कौमार्य तपासणी करण्यात आली. तपासणारा डॉक्टर पुरुष होता. 'गार्डियन' दैनिकाने १ फेब्रुवारी १९७९ रोजी हे प्रकरण उघडकीस आणले, भारत सरकारने निषेध नोंदविला आणि गृहमंत्री मर्लिन रीस यांनी असे प्रकार थांबविण्याचा आदेश दिला.

ही एकाकी घटना असल्याचे त्या वेळी भासविले गेले. तथापि इव्हान स्मिथ आणि मॅरिनेला मार्मो या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अभिलेखागारातील कागदपत्रांच्या आधारे २०११ मध्ये दाखवून दिले की, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अशा किमान ऐंशी तपासण्या झाल्या होत्या. त्यांतील बहुतेक हीथ्रोवर नव्हे, तर भारतातील ब्रिटिश कार्यालयांत झाल्या. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, 'भारतीय अविवाहित स्त्री कुमारिकाच असणार' हे गृहीतक धरल्याशिवाय या तपासणीला पुरावा म्हणून काहीच अर्थ उरत नाही. आपल्याच समाजातील एक आदर्श आपल्याच स्त्रियांविरुद्ध साक्षीला उभा करण्यात आला होता.

'प्राथमिक हेतू' आणि घरजावई

मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर यांचे सरकार सत्तेवर आले. मार्च १९८० पासून लागू झालेल्या नियमांनुसार पतीला आणण्यासाठी पत्नीने ब्रिटिश नागरिक असणे पुरेसे नव्हते. ती स्वतः किंवा तिच्या आईवडिलांपैकी एक जण ब्रिटनमध्ये जन्मलेला असणे आवश्यक ठरले. वर्णाचा उल्लेख नियमांत कोठेही नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. १९८१ चा नागरिकत्व कायदा जानेवारी १९८३ मध्ये अंमलात येताना ही जन्माची अट सोडून द्यावी लागली. पण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. सुधारित नियमांचा पहिला मसुदा तर डिसेंबर १९८२ मध्ये खुद्द कॉमन्स सभागृहाने फेटाळला. विरोधकांना तो अपुरा आणि सत्ताधारी पक्षातील काहींना अतिउदार वाटला होता. फेब्रुवारी १९८३ मध्ये आलेल्या नियमांनी 'प्राथमिक हेतू' सिद्ध करण्याचा भार पूर्णपणे अर्जदारावर टाकला.

हा नियम समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील चौदा वर्षे हजारो संसार त्याच्याभोवती फिरत राहिले. विवाह खरा आहे, कायदेशीर आहे, पती-पत्नी एकत्र राहू इच्छितात, हे सर्व मान्य झाले तरी पुरेसे नव्हते. ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा या विवाहामागील प्राथमिक हेतू नव्हता, हेही अर्जदाराने सिद्ध करावयाचे होते. नकारात्मक गोष्ट सिद्ध करणे किती अवघड असते हे तर्कशास्त्र शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना सांगावयास नको. मुलाखतीत तरुणाने ब्रिटनमधील नोकरीविषयी उत्सुकता दाखविली तर हेतू उघड झाला. काहीच माहिती नाही म्हणाला तर तो काही लपवितो असे ठरे.

याहून विलक्षण असा एक युक्तिवाद नकारपत्रांत वारंवार येत असे. भारतीय रूढीप्रमाणे वधू वराच्या घरी जाते; मग हा वर वधूच्या देशात का निघाला आहे? रूढी मोडण्याइतके प्रबळ कारण म्हणजे ब्रिटनमधील वास्तव्य, म्हणून तोच प्राथमिक हेतू. आपल्याकडे घरजावयाची थट्टा होते, मानहानीही होते. पण ती थट्टा परकीय शासनाच्या कागदावर नकाराचे कारण होऊन बसेल, याची कल्पना कोणाही सासऱ्याने केली नसेल. ठरवून केलेला विवाह प्रेमविवाहाच्या मापाने मोजला जात होता, आणि त्याच वेळी मापणारा रूढींचा जाणकार असल्याचा आव आणत होता. दोन्ही बाजूंनी अर्जदारच हरत असे.

न्यायालयांनी यावर काही फुंकर घातली. अपील न्यायालयाने १९८६ मध्ये विवाहोत्तर जिव्हाळा हा मूळ हेतूवर प्रकाश टाकणारा पुरावा मानला. परिणामी पती-पत्नींची पत्रे, दूरध्वनीची बिले आणि विमानाची तिकिटे वकिलांच्या फायलींत जमा होऊ लागली. एखाद्या इतिहासकाराला या फायली उद्या कौटुंबिक जीवनाचे उत्तम साधन ठरतील; ज्यांनी ती पत्रे लिहिली त्यांना ती अनोळखी माणसाने वाचणे कसे वाटले असेल, ही बाब वेगळी.

स्ट्रासबर्गचा निकाल : समता, पण कोणत्या दिशेने?

१९८० च्या नियमांना तीन स्त्रियांनी आव्हान दिले. नर्गिस अब्दुलअझीझ या मलावीत जन्मलेल्या, मूळच्या भारतीय वंशाच्या. आर्सेली काबालेस या फिलिपाईन्समधील, तर सोहेर बाल्कंदाली या इजिप्तमधील. तिघींना ब्रिटनमध्ये अनिश्चित काळ राहण्याची परवानगी होती, पण पतींना सोबत ठेवण्याची मुभा नव्हती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २८ मे १९८५ रोजी निकाल दिला. स्थायिक पुरुषाची पत्नी येऊ शकते आणि स्थायिक स्त्रीचा पती येऊ शकत नाही, हा लिंगभेद आहे, असे न्यायालयाने म्हटले. देशातील बेरोजगारीपासून संरक्षणासाठी हा भेद आवश्यक आहे, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही. वांशिक भेदभावाचा आरोप मात्र अमान्य झाला. त्याहून दूरगामी भाग असा की, विवाहित जोडप्याने निवडलेल्या देशातच त्यांना राहू देण्याचे सर्वसाधारण बंधन राज्यावर नाही, असेही न्यायालयाने नमूद केले.

निकालाची अंमलबजावणी ब्रिटिश सरकारने ज्या पद्धतीने केली, ती या विषयाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. स्त्रियांना पुरुषांइतका हक्क देण्याऐवजी ऑगस्ट १९८५ मध्ये पुरुषांचा हक्क स्त्रियांइतका कमी करण्यात आला. प्राथमिक हेतूची कसोटी आता परदेशी पत्नींनाही लागू झाली. समता आली, ती अशी. १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील पुरुषांच्या बायको-मुलांना १९७१ च्या कायद्याने दिलेले संरक्षणही १९८८ च्या इमिग्रेशन ॲक्टने रद्द केले. प्रस्तुत लेखिकेच्या मते १९६२ च्या पितृसत्ताक उदारतेचा शेवट येथे झाला. तिच्या जागी आलेली व्यवस्था स्त्री-पुरुष दोघांकडेही सारख्याच संशयाने पाहणारी होती.

या काळात एक पळवाट युरोपमार्गे निघाली. सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाने ब्रिटिश स्त्रीशी विवाह केला होता आणि दोघांनी काही काळ जर्मनीत नोकरी केली होती. परतल्यावर ब्रिटनचे देशी नियम नव्हे, तर युरोपीय कायदा त्यांना लागू होतो, असा निर्णय युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने जुलै १९९२ मध्ये दिला. त्यामुळे स्वदेशात न गवसणारा हक्क शेजारच्या देशात काही महिने नोकरी करून मिळविता येऊ लागला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर हा मार्ग नव्या जोडप्यांसाठी बंद झाला.

हेतूकडून उत्पन्नाकडे

१९९७ च्या निवडणुकीनंतर जून महिन्यात गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी प्राथमिक हेतूचा नियम रद्द केला. नंतरच्या काळात निर्बंधांचे स्वरूप पालटले. जोडीदाराची परिवीक्षा २००३ मध्ये एका वर्षावरून दोन वर्षे आणि जुलै २०१२ मध्ये पाच वर्षे झाली. सक्तीचे विवाह रोखण्याच्या कारणास्तव २००८ मध्ये किमान वय एकवीस करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये ही अट कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग करणारी ठरविली. नोव्हेंबर २०१० पासून जोडीदाराला इंग्रजीची परीक्षा आवश्यक झाली. याच अटीमुळे आमच्या महाविद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी लग्नानंतर काही महिन्यांनी 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन'चे प्रमाणपत्र मागण्यासाठी आली होती. तिने बी. ए. मराठी माध्यमातून, इतिहास विषय घेऊन, प्रथम श्रेणीत केले होते. कार्यालयाने नियमानुसार खरे तेच लिहून दिले. त्या कागदाचा तिला काहीच उपयोग झाला नाही आणि तिला प्राथमिक स्तराच्या इंग्रजी परीक्षेला बसावे लागले.

२०१२ मध्ये सर्वांत निर्णायक अट आली ती उत्पन्नाची. प्रायोजकाचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असणे सक्तीचे झाले. सोबत परदेशी मूल असेल तर २२,४०० पौंड. परदेशात असलेला जोडीदार पुढे किती कमावू शकेल हे सर्वसाधारणपणे हिशेबात धरले जात नसे. हा नियम कागदावर स्त्री-पुरुष दोघांना समान आहे. परंतु अर्धवेळ काम करणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या आणि कमी वेतनाच्या व्यवसायांतील प्रायोजकांमध्ये स्त्रिया अधिक असतात, त्यामुळे १९६९ साली जिला थेट 'नाही' म्हटले गेले होते, तिलाच आता वेतनचिठ्ठीच्या आधारे तेच उत्तर मिळू लागले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये किमान उत्पन्नाचे तत्त्व वैध ठरविले; मात्र मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या अन्य खात्रीशीर साधनांचा विचार नियमांत पुरेसा झालेला नाही, असेही स्पष्ट केले.

११ एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा २९,००० पौंडांवर नेण्यात आली. केवळ बचतीच्या आधारे अर्ज करणाऱ्यास ८८,५०० पौंड दाखविणे भाग पडले. पुढे ३८,७०० पौंडांपर्यंत वाढ करण्याचे आधीच्या सरकारने जाहीर केले होते. जुलै २०२४ मधील सत्तांतरानंतर ती वाढ स्थगित झाली आणि प्रश्न स्थलांतर सल्लागार समितीकडे गेला. समितीने जून २०२५ मध्ये अहवाल दिला. ३८,७०० हा आकडा मुळात कुशल कामगारांच्या व्हिसासाठी ठरविलेला होता, कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी नव्हे, ही गोष्ट तिने निदर्शनास आणून दिली.