कोयत्याचा करार

बीडकडे किंवा पाथर्डीत ऊसतोडीला मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला ‘यंदा किती कोयते?’ असं विचारलं, तर तो हत्यारं मोजत नाही, माणसं मोजतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीचे, पैसे कापले जातात तेही कोयत्यावरच.

शेतमजुराचा संघटनेचा हक्क कागदावर फार जुना आहे. कारखान्यातल्या कामगाराला जो हक्क, तोच शेतात राबणाऱ्यालाही, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१मध्ये केला आणि १९२३मध्ये हिंदुस्थानने तो मान्यही केला. पण भांडायला समोर मालक लागतो, आणि ऊसतोडीत नेमका तोच सापडत नाही. १९५०मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मागोमाग पश्चिम महाराष्ट्रात धुराडी उभी राहिली. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातली घरंच्या घरं फडात नेली. कारखान्याच्या आतल्या कामगाराला हजेरीपट, युनियन, वेतनकरार मिळाला. फडातल्या मजुराला कारखाना म्हणाला, तू मुकादमाचा. मुकादम म्हणाला, पैसा कारखान्याचा.

म्हणून इथे हक्क मिळाला तो कोयता बंद ठेवून. उभ्या उसाला तुरे येतात, तोडलेला ऊस वाळतो, बॉयलर पेटवलेला कारखाना थांबू शकत नाही. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे या ऊसतोड कामगारांच्या नेत्यांनी ही नस पकडली. आधी संप, मग लवाद, मग ठरावीक वर्षांचा करार, अशी रीत पडली. २०२०मध्ये १४ टक्के वाढ मिळाली. जानेवारी २०२४मध्ये ३४ टक्के: तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला आणि मुकादमाचं कमिशन २० टक्क्यांवर गेलं. मजूर आणि मुकादम एकाच बाजूला बसून मागण्या मांडतात, हे मला पटत नाही. उचल देणारा आणि ती अंगमेहनतीने फेडणारा, यांचं हित एक कसं?

आणि त्या कोयत्यातली बाई? अंधार असतानाच ती फडात उतरते. नवरा बुडख्याशी घाव घालतो, ती पाचट बाजूला सारून मोळ्या बांधते, मग डोक्यावर मोळी तोलत फळीवरून ट्रकवर चढते. कोपीवर, त्या तात्पुरत्या झोपडीत, परतली की चूल तिचीच. मुकादमाच्या वहीत नाव मात्र नवऱ्याचं. २०१९मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली; त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीतला एक खाडाही जिला परवडत नाही, तिचा हा आकडा आहे.

२०२४चा करार तीन हंगामांचा होता. पुढच्या बैठकीत दराची टक्केवारी जरूर मागा. पण त्याआधी अर्ध्या कोयत्याची मजुरी बाईच्या नावाने, तिच्या खात्यावर मागा, आणि करारावर सही करायला तिलाही बसवा.