चिनहटनंतरचे पाळणे

३० जून १८५७ रोजी लखनौजवळच्या चिनहट येथे हेन्री लॉरेन्सचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. आत सुमारे पाचशे बायकामुले होती. इतिहासकार तोफा मोजतात. मला तेथील पाळणे आठवतात. ताजी भाजी नाही, फळे नाहीत. स्कर्व्ही आली, अर्भके दगावू लागली. पटकी, हगवण तर होतीच.

‘व्हिटामिन’ हे नाव फुंकने पुढे १९१२ मध्ये दिले. आईच्या आहारात ‘अ’ वा ‘क’ जीवनसत्त्वाची उणीव असली, की ती अंगावरच्या दुधातही उतरते. ‘अ’च्या अभावी गोवर, हगवण मुलाला अधिक छळते. पण हिशेब इतका सरळ नाही. उत्तर प्रदेशातच दहा लाख मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘अ’च्या मात्रांनी बालमृत्यू अवघे चार टक्के घटलेले दिसले, तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.