दोन नंबर, तीन नंबर

सभागृहात आवाज गेला की आपण म्हणतो, ‘माइक बिघडला.’ ध्वनियंत्रणा सांभाळणारे आम्ही लोक मात्र आधी जोडणी बघतो. कारण बहुतेक वेळा माइक ठीकच असतो, पटत नसतं ते केबलच्या दोन टोकांचं. या भांडणाला इतिहास आहे.

पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा जॅक मूळचा टेलिफोन एक्स्चेंजचा. एकोणिसाव्या शतकात ऑपरेटर तो खुपसून दोन माणसं जोडून देत. तीन पिनांचा एक्सएलआर आला लॉस एंजेलिसच्या कॅनन इलेक्ट्रिककडून. जेम्स कॅनन यांनी ही कंपनी १९१५ साली काढली. तीन पिनांत एकच आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेली घरघर दोन्ही तारांत सारखी असते, म्हणून शेवटी वजाबाकीत ती गळून पडते. जॅकच्या एका तारेत ही सोय नाही. उच्च इंपीडन्सच्या माइकची केबल लांबली की आवाजाची धारही बोथट होते. या दोघांचं जुळवायला मग ट्रान्सफॉर्मर भरलेली छोटी नळी आली.

पण धन पिन कोणती, दोन नंबरची की तीन नंबरची? कंपन्यांचं यावर एकमत नव्हतं. दोन नंबर, हे अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने प्रमाण म्हणून ठरवलं ते १९९२ साली!

त्याची किंमत आम्ही पाहिली आहे. एका बाईंच्या व्याख्यानाला आम्ही दोन माइक शेजारी ठेवले. एकेकटा खणखणीत, दोन्ही उघडले की आवाज पत्र्यासारखा पातळ. बाई ओरडून बोलत राहिल्या, त्यांचा घसा बसला. नंतर पाहिलं तर एका केबलीत दोन आणि तीन उलट जोडलेले. अदलाबदल करणारा वीतभर तुकडा पेटीत असता तर दहा सेकंदांचं काम होतं.

१९६६ साली नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीसाठी त्याच केबलीतून माइकला ४८ व्होल्ट दिले. ४८च का? तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी तेवढी वीज आधीच होती. पण ही वीज ट्रान्सफॉर्मरच्या नळीतून पार होत नाही. कंडेन्सर माइकला ती नळी लावली की माइक मुका.

म्हणजे काय, की प्रमाण उशिरा ठरतं आणि जुनी केबल त्यानंतरही वापरात राहते. तोवर बोलणाऱ्याचा घसा सांभाळायचा तो या नळ्या-तुकड्यांनी. तेव्हा कार्यक्रमाआधी दोन्ही माइक एकदम उघडून बघा, एवढंच आमचं सांगणं.