विसरण्याची किंमत

मागच्या वेळी आपण उष्णतागतिकीच्या दुसऱ्या नियमापाशी थांबलो होतो : उष्णता थंडाकडून गरमाकडे आपोआप जात नाही. आज या नियमाला अडचणीत आणणारा एक काल्पनिक प्राणी पाहू या.

१८६७ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलने टेट या मित्राला पत्रातून तो कळवला. हवेची पेटी, मधे भिंत, भिंतीत बारीक झडप. तिथला चिमुकला पहारेकरी वेगवान रेणू एका बाजूला सोडतो, संथ दुसऱ्या बाजूला. कष्ट काहीच नाहीत, तरी एक बाजू तापते, दुसरी गार होते! पुढे विल्यम थॉमसनने त्याला 'डीमन' म्हटलं. आपण सैतान म्हणू. मग नियम खोटा, की सैतानाचा खर्च कुठेतरी लपलाय?

१९२९ मध्ये लिओ सिलार्डने पेटीत एकच रेणू ठेवला. तो डावीकडे की उजवीकडे, एवढं कळलं तरी त्यातून काम काढता येतं. खर्च असणार तो माहिती मिळवण्यात, असं त्याचं म्हणणं. ब्रिलुआंनेही पुढे तेच उचलून धरलं : रेणू बघायचा तर प्रकाश पाडायला हवा. उत्तर सहज पटणारं होतं, आणि आम्हाला वाटतं, म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

आयबीएममधल्या रॉल्फ लांडाउअरला सैतानाची नव्हे, संगणकाच्या उष्णतेची काळजी होती. १९६१ मध्ये त्याने दाखवलं की एक बिट पुसताना किमान उष्णता बाहेर पडतेच. किती? एका ज्यूलचे हजार अब्ज अब्ज भाग करा. खोलीच्या तापमानाला त्यातले जेमतेम तीन. १९८२ मध्ये त्याच कंपनीतल्या चार्ल्स बेनेटने हे सैतानाला लावलं. बघणं तत्त्वतः फुकट होऊ शकतं. पण सैतानाची वही भरते, ती कोरी करावी लागते, आणि बिल येतं ते तिथे.

हे मोजायला २०१२ उजाडलं. फ्रान्समध्ये लियोंच्या प्रयोगशाळेत पाण्यातला काचेचा सूक्ष्म मणी लेसरच्या दोन खळग्यांपैकी एकात ठेवला. डावा खळगा शून्य, उजवा एक. अगदी सावकाश पुसलं, तेव्हा उष्णता लांडाउअरच्या मर्यादेजवळ आली. पण पाण्यात सगळंच मंद. म्हणून २०२१ मध्ये लियोंमध्येच मण्याऐवजी केसापेक्षा पातळ, एका टोकाला धरलेलं पातं घेतलं. त्याची हालचाल नॅनोमीटरच्या घरातली. सेकंदाच्या दहाव्या भागात बिट पुसला गेला, आणि खर्च त्याच मर्यादेवर आला, अनिश्चितता एक टक्का.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. पात्यासाठीचे दोन खळगे तयार करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याच्यावर सतत नजर ठेवून असते, सैतानासारखीच. तिचा वीजखर्च या हिशेबात धरलेला नाही. शिवाय पुसायची घाई केली की खर्च चढतो. तो का, ते पुढच्या वेळी.