शहरातील बागा आणि पायवाटा : निर्णय कोणाचा, निगा कोणाची?

उद्यान उभे राहते एकदा. ते राखावे लागते दरवर्षी. गोव्यातील शहरांमध्ये हे निर्णय कसे होतात, पैसा कोठून येतो आणि नागरिकाला त्यात कोठे बोलता येते, याचा हा आढावा.

पणजीतील चर्च चौकासमोरची बाग १८५५ सालची. बागेतील स्तंभावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता. गोवामुक्तीनंतर तेथे सिंहमुद्रा आली. आज ही बाग गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या नावाने ओळखली जाते. ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि भारतातील औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. राजवट बदलली, स्तंभावरची मूर्ती बदलली. झाडांना पाणी घालणे, पाला उचलणे, वाळलेल्या फांद्या उतरवणे हे काम मात्र बदलले नाही. बाग टिकली ती या रोजच्या कामामुळे. उद्घाटनाच्या फलकावर या कामाची नोंद नसते आणि पालिकेच्या चर्चेतही त्याला क्वचितच स्थान मिळते.

अधिकार कोणाचा?

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. त्यांतील बारावा विषय उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांचा, तर आठवा नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षणाचा. हे विषय प्रत्यक्षात किती प्रमाणात सोपवायचे, हे राज्याचा कायदा ठरवतो.

गोव्यात पणजीसाठी २००२ चा महापालिका कायदा आहे. पेडणे, म्हापसा, डिचोली, साखळी, वाळपई, फोंडा, मडगाव, मुरगाव, कुडचडे-काकोडा, केपे, सांगे, कुंकळ्ळी आणि काणकोण या १३ पालिकांचा कारभार १९६८ च्या पालिका कायद्यानुसार चालतो. धोरण आणि खर्चाची मंजुरी निवडून आलेल्या मंडळाकडे असते; अंमलबजावणी पणजीत आयुक्तांकडे, तर इतरत्र मुख्याधिकाऱ्यांकडे असते.

कागदावर हे चित्र सरळ दिसते. प्रत्यक्षात एकाच शहरातील हिरव्या जागांचे धनी अनेक असतात. एखादी बाग पालिकेची, दुसरी वन खात्याकडे, नदीकाठचा पदपथ पर्यटन किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याने केलेला, तर एखादे काम पायाभूत सुविधा विकास महामंडळाने किंवा स्मार्ट सिटीसाठी स्थापन झालेल्या कंपनीने उभारलेले. बांधणारी यंत्रणा एक आणि राखणारी दुसरी असेल, तर ‘हस्तांतरण’ हा या दोघांमधला सर्वांत महत्त्वाचा कागद ठरतो. तो झालेला नसेल तर मोडलेला झोपाळा कोणी दुरुस्त करायचा, या साध्या प्रश्नालाही उत्तर मिळत नाही. म्हणून कोणत्याही बागेविषयी तक्रार करण्यापूर्वी जमीन कोणाची, बांधकाम कोणाचे आणि निगा सध्या कोणाकडे, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. जमिनीच्या मालकीचा शोध शहरी भूमापनाच्या ‘फॉर्म डी’पासून आणि गावात ‘एक-चौदाच्या उताऱ्या’पासून सुरू करता येतो.

जागा आधी नकाशात हवी

बाग होण्यापूर्वी तिची जागा राखलेली असावी लागते. गोव्यात हे काम १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली होते. शहरी नियोजन क्षेत्रांसाठी बाह्य विकास आराखडा तयार केला जातो आणि त्यात उद्याने, मैदाने व मोकळ्या जागा दाखवल्या जातात. मोठ्या भूखंडांचे विभाजन करून वसाहत उभारली जाते, तेव्हाही ठरावीक प्रमाणात खुली जागा सोडणे बंधनकारक असते. वसाहतीतील छोट्या बागा बहुधा अशाच जागांवर होतात.

किती जागा असावी, याचे मोजमाप केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत सापडते. त्यानुसार शहरात दरडोई १० ते १२ चौरस मीटर खुली जागा असावी. या हिशेबात केवळ बागा नव्हे, तर मैदाने आणि इतर सामाईक मोकळ्या जागाही धरल्या जातात. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ४०,०१७ होती. किमान प्रमाण धरले तरी एवढ्या वस्तीसाठी सुमारे ४० हेक्टर खुली जागा लागते. कामानिमित्त रोज शहरात येणारे लोक आणि पर्यटक यांची गणना यात नाही.

आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी मुदत दिली जाते. बागेच्या दृष्टीने ही मुदत फार मोलाची असते. आराखडा अंतिम झाल्यावर जागेचा वापर बदलला, तर पुढची लढाई न्यायालयातच लढावी लागते.

बांधायला योजना, राखायला घरपट्टी

बागांच्या दुरवस्थेचे मूळ बहुतेक वेळा अर्थसंकल्पाच्या रचनेत असते. नवे उद्यान हा भांडवली खर्च. त्यासाठी केंद्र किंवा राज्याची योजना मिळू शकते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत’ योजनेत पाणीपुरवठा व मलनिस्सारणाबरोबरच हिरव्या जागा आणि मुलांसाठीची उद्याने यांचा समावेश होता. एकूण खर्चाच्या २.५ टक्क्यांपर्यंत रक्कम त्यासाठी वापरता येत असे. स्मार्ट सिटी अभियानात पणजीची निवड २०१६ मध्ये झाली आणि ते अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले.

निगा मात्र महसुली खर्चात मोडते. माळ्यांचा पगार, पाणी, वीज, रंगकाम आणि सुटे भाग हा खर्च दरवर्षी येतो आणि तो प्रामुख्याने पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी, परवाना शुल्क, भाडे यांतून भागवावा लागतो. योजना संपते, पण तिने उभारलेल्या बागेचे वीजबिल सुरूच राहते. त्यामुळे नवे उद्यान मंजूर करताना त्याच ठरावात पुढील पाच-दहा वर्षांच्या निगेचा अंदाजित खर्च आणि त्याची तरतूद नोंदवली आहे का, हा खरा कळीचा प्रश्न आहे. ही नोंद नसेल, तर पालिका एक सुविधा मिळवते आणि तिच्याबरोबर न मोजलेले दायित्वही स्वीकारते.

निविदेतील दोन अटी या संदर्भात पाहण्यासारख्या असतात. पहिली, दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम पूर्ण झाल्यानंतर किती काळ कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दूर करायचे. दुसरी, देखभालीचे कंत्राट बांधकामाला जोडलेले आहे की स्वतंत्र. दोषदायित्वाची मुदत संपण्यापूर्वी पाहणी करून दोषांची यादी दिली गेली, तर पालिकेचे पैसे वाचतात. ती मुदत कोणाच्या लक्षात न येता उलटली, तर तीच दुरुस्ती करदात्यांच्या पैशांतून होते.

गोव्याच्या हवेत निगा म्हणजे काय?

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे येथील बागेचे वर्ष पावसाभोवती फिरते. मे अखेरपर्यंत गटारे मोकळी करणे, धोकादायक फांद्या उतरवणे आणि विजेच्या जोडण्या तपासणे भाग असते. पावसात शेवाळलेल्या फरश्या आणि पायऱ्या घासाव्या लागतात. वृद्धांसाठी निसरडी पायवाट ही गैरसोय नसून अपघाताचे कारण असते. पाऊस ओसरल्यावर गवत कापणे, खचलेली माती भरणे आणि गंजलेल्या खेळण्यांची तपासणी होते. जानेवारीनंतर प्रश्न पाण्याचा.

बंद पडलेले कारंजे हा आणखी एक नेहमीचा विषय. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची पैदास होते. कारंजे चालवण्याची तरतूद नसेल, तर ते कोरडे ठेवणे किंवा तेथे फुलझाडे लावणे अधिक शहाणपणाचे.

झाडांच्या बाबतीत १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पालिकेलाही त्यातून सूट नाही. धोकादायक झाड आणि केवळ अडथळा वाटणारे झाड यांतील फरक जाणकाराने पाहणी करून ठरवावा, हीच अपेक्षा. सुशोभीकरणाच्या नावाखाली खोडापर्यंत फरशी किंवा काँक्रीट घालणे हे झाड पडण्याचे एक कारण ठरते, कारण मुळांना हवा व पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांबाबत खोडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. पदपथाची निविदा काढताना हा दंडक कोणत्याही शहराला घालून घेता येईल.

पायवाटांचा वेगळा विचार

पणजीत चालण्याच्या वाटा तीन प्रकारच्या आहेत. फोंताइन्हास आणि मळ्याच्या बाजूने आल्तिनोच्या टेकडीवर चढणाऱ्या जुन्या पायऱ्या व चढणी. कांपाल ते मिरामार हा मांडवीच्या कडेचा पट्टा. आणि पाटोजवळ रुआ द ओरेम खाडीकाठच्या खारफुटीतून नेणारी लाकडी वाट. तिन्हींची निगा एकाच निकषाने होऊ शकत नाही.

पायऱ्यांना कठडे, दिवे आणि पाण्याचा निचरा हवा. नदीकाठच्या वाटेला सलगता हवी; मध्येच वाहने उभी राहिली तर चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावे लागते. खारफुटीतील वाटेचा प्रश्न सर्वांत नाजूक. खारे पाणी, भरती-ओहोटी आणि दमट हवा यांत लाकूड, खिळे व लोखंडी सांधे लवकर झिजतात. तेथे वरचेवर तपासणी केली नाही, तर वाट बंद ठेवण्यावाचून पर्याय उरत नाही. शिवाय खारफुटी किनारी नियमन क्षेत्राच्या अतिसंवेदनशील गटात येते, त्यामुळे तेथील बांधकामाला किनारी व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते. मांडवीच्या पलीकडे चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात, १.७८ चौरस किलोमीटरच्या खारफुटीतून जाणारी वाट वन खात्याकडे आहे. दोन्हीकडे झाडे सारखीच. यंत्रणा मात्र वेगळ्या.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे सांगतो. व्हीलचेअरसाठीच्या उतरंडीला एकास बारा हे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे एक फूट उंची चढायला किमान बारा फूट लांबी. बागेच्या फाटकाशी दुचाकी अडवण्यासाठी लावलेले खांब व्हीलचेअरही अडवतात का, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही.

न्यायालयांचे दोन निवाडे

बागेच्या जागेविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आजही मार्गदर्शक आहेत. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहासाठी एका न्यासाला देण्यात आली होती. रहिवाशांनी त्याविरुद्ध दाद मागितली. रुग्णालय ही लोकोपयोगी गोष्ट आहे, हा युक्तिवाद १९९१ च्या निकालात टिकला नाही. उद्यानाची जागा उद्यानासाठीच राहावी आणि त्यासाठी दाद मागण्याचा अधिकार रहिवाशांना आहे, असे न्यायालयाने मानले.

दुसरे प्रकरण लखनौच्या अमीनाबादेतील झंडेवाला पार्कचे. तेथे महापालिकेनेच उद्यानाखाली भुयारी बाजार बांधण्याचे काम एका बांधकाम कंपनीला दिले होते. १९९९ मध्ये न्यायालयाने ते बांधकाम काढून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पालिका ही बागेची मालक म्हणून नव्हे, तर जनतेची विश्वस्त म्हणून वागते, हे तत्त्व या निकालाने अधोरेखित केले.

नागरिकाला कोठे बोलता येते?

येथे गोव्याची एक खास अडचण आहे. राज्यघटनेच्या कलम २४३-स नुसार प्रभाग समित्या स्थापणे बंधनकारक आहे ते तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या पालिका क्षेत्रात. गोव्यातील एकही पालिका या मर्यादेच्या जवळपास नाही. २०११ मध्ये मुरगावची लोकसंख्या ९४ हजारांच्या आसपास, तर मडगावची ८७ हजारांच्या वर होती. गावातील मतदार ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला थेट प्रश्न विचारू शकतो. शहरातील रहिवाशाला तशी सभा नाही. जेथे नगरसेवकाला नावाने ओळखण्याइतके शहर लहान आहे, तेथेच सामूहिक प्रश्न विचारण्याचे घटनात्मक व्यासपीठ नाही, असा हा विरोधाभास.

त्यामुळे उरतात त्या वाटा नीट माहीत असणे आवश्यक ठरते. पहिली, अर्थसंकल्पापूर्वीचे दिवस. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने प्रभागातील बागेसाठीची मागणी नगरसेवक व प्रशासनाकडे त्याआधीच, शक्यतो डिसेंबर-जानेवारीत, लेखी पोहोचली पाहिजे. दुसरी, आराखड्यावरील हरकतींची मुदत. तिसरी, माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये केवळ कागदपत्रेच नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही आहे. ही तरतूद बागेच्या व पदपथाच्या कामांना फार उपयुक्त आहे.

अर्जात काय मागावे? जमिनीच्या मालकीचा कागद, कामाचा आदेश, हस्तांतरणाचे पत्र, दोषदायित्वाची अखेरची तारीख, देखभालीच्या कंत्राटाची प्रत आणि गेल्या तीन वर्षांत त्या बागेवर झालेला खर्च. या सहा कागदांतून एखाद्या बागेची खरी अवस्था कळते. त्यांपैकी हस्तांतरणाचे पत्र उपलब्ध नाही असे उत्तर आले, तर दुरुस्तीच्या मागणीआधी हस्तांतरणाचीच मागणी करावी लागते.