खाणावळीतला संसार

गिरणगावच्या खाणावळीचा इतिहास जेवणाऱ्या कामगारांपासून सांगितला जातो. मला तो नवरा-बायकोच्या हिशेबापासून सांगावासा वाटतो. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यातच चूल, मुले आणि पाळीप्रमाणे जेवून जाणारे मेंबर. नवरा गिरणीत, बायको पहाटेपासून भाकऱ्या थापत बसलेली. मेंबर पैसे देणार पगार झाल्यावर. वाणी तोवर थांबेलच असे नाही. मग दागिना सावकाराकडे जाई. तरीही कमावता म्हणायचे ते नवऱ्यालाच. तिचे ते घरकाम.

१९७५मध्ये गोवामुक्तीच्या लढ्यातल्या प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. बँकेचे कर्ज या बायकांच्या स्वतःच्या नावावर मिळू लागले. घरकामाला प्रथमच धंदा हे नाव मिळाले.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. नवऱ्याचा पगार थांबला. अनेक मेंबर गावी गेले, उधारी अडकली. घरात कमावते कोण, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा नव्हता. काही संसार त्यात उसवले, काही नव्याने बांधले गेले. संप एवढा लांबला, त्यामागे पुढाऱ्यांच्या भाषणांइतक्याच या चुलीही होत्या, असे मला वाटते.